लव पिंजायचं यंत्र

हार्मन टर्विलिगरच्या गॅरेजात गेलेली वस्तू कधी जशीच्या तशी बाहेर आली नाही. ती एकतर फिरायला लागायची, नाहीतर थरथरायला. कोंबडी भाजायच्या सळईची मोटर त्यानं माश्यांवरचं वार्निश वाळवायला जुंपली होती. दारावरची घंटा उपटून तिच्यापासून हरणाचे केस एका रेषेत बसवणारी डबी केली होती. लिओनाच्या शिलाई मशीनचं पायडल तर त्यानं असं पळवलं की पडद्यांच्या कडा आठ महिने तशाच लोंबत राहिल्या. आमच्या खोऱ्यात लोक म्हणायचे, "हार्मनकडे खुशाल जा, पण एका जागी फार वेळ बसू नका. तो तुम्हालाही मोटर लावेल."

माश्या म्हणजे गळाच्या माश्या. गळाला पिसं, केस न् दोरा गुंडाळून खोटी माशी करायची, ती बीव्हरकिल नदीच्या पाण्यावर सोडायची आणि ट्राउटला ती खरी वाटली पाहिजे. ट्राउट हा मासा सासूपेक्षा चिकित्सक. दोरा एक वेढा जास्त झाला तरी तोंड फिरवून जातो. आमच्याकडे निम्म्या घरांत हे काम चालायचं आणि बहुतेक ठिकाणी नवराबायको मिळून करायचे. एकानं बांधायचं, एकानं सामान तयार करायचं. टर्विलिगरांकडे हार्मन बांधायचा आणि लिओना लव पिंजायची.

हार्मनची चौतीस वर्षं रस्तेखात्यात गेली. हिवाळाभर बर्फ ढकलायचा ट्रक चालवायचा आणि उन्हाळाभर तोच ट्रक उघडून त्याच्या पोटात हात घालून बसायचं. लिओना शाळेच्या स्वयंपाकघरात होती. संध्याकाळी जेवणं उरकली की दोघं टेबलाच्या दोन बाजूंना बसायची, बोलायची, भांडायची, गावातल्या प्रत्येकाचे वाभाडे काढायची आणि त्यातच माश्या व्हायच्या. अशी एकतीस वर्षं गेली. एप्रिलच्या शेवटी नदीवर गुलाबीसर करड्या अंगाची माशी उठते. तिची नक्कल सगळ्या खोऱ्यात टर्विलिगरांइतकी कुणाला जमत नसे. पुलाजवळच्या दुकानात माइल्स हॉर्नबेक ती वेगळ्या कप्प्यात ठेवायचा. तिच्याबरोबरच्या चिठ्ठीवर छापलेलं असायचं : 'बांधणी हार्मन, लव लिओना.'

सगळी गोम त्या लवेत होती. तांबड्या कोल्हिणीच्या पोटाखालची लव लागते, आणि तीही तिच्याच मुतानं रंग उडून गुलाबी पडलेली. हसू येतं ना? पण शंभर वर्षांत आमच्याकडे कुणाला तो रंग बाटलीतून काढता आलेला नाही. त्यात पाणउंदराची राखी लव, सशाच्या कानाचे चार खरखरीत केस आणि चिमूटभर पिवळट मेंढीची लोकर. हे सगळं बोटांनी ओढायचं, एकमेकांवर ठेवायचं, पुन्हा ओढायचं. थांबायचं कधी, हे फक्त बोटांना कळतं. लिओना म्हणायची, "एका माशीत चार रंग असले पाहिजेत, पण चार आहेत असं दिसलं की संपलं."

मग तिची बोटं गेली. एका दिवसात गेली नाहीत, वर्षानुवर्षं जात होती आणि गेल्या उन्हाळ्यात पेरं अक्रोडाएवढी झाली तेव्हा सगळ्यांना दिसली. डॉक्टरीणबाईंनी तिचे हात उलटेपालटे करून स्पष्टच सांगितलं, "हे काम बंद करा. नाहीतर पुढच्या वर्षी चमचा धरता येणार नाही." लिओना "बरं" म्हणाली, घरी आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लव घेऊन बसली. हार्मननं कोल्हिणीची कातडी माळ्यावर लपवली, तर ही बाई शिडी लावून वर चढली. तेव्हा त्याला कळलं की लवेला हिची गरज आहे तोवर ही थांबणार नाही. तिचे हात वाचवायचे तर तिच्याइतकी चांगली लव पिंजणारं यंत्र केलं पाहिजे. दुसरा रस्ता त्याला दिसत नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्याच्याजवळ दुसरी काही विद्याही नव्हती.

पहिलं यंत्र कॉफी दळायच्या मशीनपासून केलं. ते सप्टेंबरात झालं. त्यानं बशीत लव घालून लिओनापुढे ठेवली.

"हे काय?"

"लव."

"ही लव? गालिचा झाडल्यावर झाडूला लागतं ना, ते आहे हे."

"रंग तर तोच आहे."

"रंग चिखलालाही असतो, हार्मन."

तिचं खरं होतं. पात्यानं केस कापले होते आणि चारही रंग एकजीव होऊन नुसती करडी धूळ झाली होती. हार्मननं पातं काढून फेकलं आणि भंगाराच्या आवारात जाऊन आपल्याच जुन्या ट्रकचा वायपर सोडवून आणला. ट्रक मेला होता, पण वायपरची मोटर अजून बर्फ पुसायला तयार होती. त्यानं तिच्या दांड्याला कुत्रे विंचरायचा तारांचा ब्रश लावला, तसलाच दुसरा ब्रश खाली फळीवर ठोकला आणि मधे लव ठेवून बटण दाबलं. वरचा ब्रश सावकाश इकडून तिकडे जायचा, तिकडून इकडे यायचा. म्हाताऱ्या माणसानं लोकर पिंजावी तसा.

डिसेंबरात, नाताळाच्या आदल्या आठवड्यात, त्या यंत्राची लव बाहेर आली. लिओनानं चिमूट उचलली, खिडकीच्या उजेडात धरली, भिजवून काचेवर चिकटवली आणि बराच वेळ पाहत राहिली.

"बरी आहे," ती म्हणाली.

"बरी म्हणजे?"

"बरी म्हणजे बरी. आता काय शिक्का मारून देऊ?"

चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात लिओनानं यापेक्षा जास्त कौतुक कशाचंच केलं नव्हतं. हार्मन मनातून हुरळला. डोक्यावरून धोंड उतरल्यासारखं वाटलं त्याला. गॅरेजात ओल असते, म्हणून लवेचा डबा त्यानं तिच्याकडेच दिला. तिनं तो स्वयंपाकघरात चुलीवरच्या फडताळात ठेवला. जानेवारीत त्यानं त्यातून बारा डझन माश्या बांधल्या. बांधताना त्याला लव सुरेख वाटली. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. आणि एकाहत्तराव्या वर्षी दिव्याच्या पिवळ्या उजेडात गुलाबी आणि करड्यातला फरक किती दिसणार?

माश्या माइल्सकडे पाठवल्या, त्या आठव्या दिवशी परत आल्या. वर माइल्सच्या हातची चिठ्ठी होती. हार्मननं ती जेवणाच्या टेबलावर मोठ्यानं वाचली. "हार्मन, राग मानू नकोस. एक माशी नुसत्या राखेची, दुसरीत गुलाबी गाठ. पाण्यात धरली की मेल्यासारखी दिसते. यंत्राला बोटं नसतात, दोस्ता. लिओनाच्या हातची पाठव."

"गाढव आहे माइल्स," हार्मन म्हणाला. पण त्यानं चार माश्या पाण्याच्या पेल्यात टाकून पाहिल्या आणि माइल्स गाढव नव्हता. गाठी होत्या. राख होती. त्यानं लिओनाकडे पाहिलं. ती उठून बश्या आवरायला लागली होती.

तिथून हार्मनचा वनवास सुरू झाला. ब्रशच्या तारा वाकल्या असतील म्हणून त्यानं नवे ब्रश आणले. नवे फार कडक निघाले. मोटरचा वेग जास्त असेल म्हणून रेकॉर्ड वाजवायच्या पेटीची मोटर लावली. तिच्यात जोर नव्हता, लवेनं ती अडायची. मग आइस्क्रीम ढवळायचं यंत्र उघडलं. मग पायडल पुन्हा जोडलं, म्हणजे वेग पायानं कमीजास्त करता येईल. करता यायचाही, पण हात कुठे ठेवायचा, पाय कुठे आणि नजर कुठे, यात त्या सत्तरीच्या माणसाची तारांबळ उडायची. प्रत्येक वेळी जुनं खोलून त्याचेच स्क्रू, त्याचेच दांडे नव्यात घालायचे, त्यामुळे डिसेंबरातलं यंत्र कसं होतं ते त्याचं त्यालाही आठवेना. लिहून ठेवायची सवय त्याला कधीच नव्हती.

गॅरेजात रॉकेलचा शेगडा होता, त्यानं फक्त गुडघे शेकायचे. पाठ गारच राहायची. फेब्रुवारीत त्याला खोकला लागला तो जाईना. सकाळी उठून बूट घालताना तो पलंगाच्या कडेवर बसून राहायचा आणि मनात म्हणायचा, आज नको. मग लिओनाचे हात आठवायचे आणि तो बूट घालायचा. त्या हिवाळ्यात त्याच्याकडे जो कुणी गेला त्यानं मला एकच गोष्ट सांगितली, की हार्मन आता थट्टा करत नाही.

त्यात माइल्स दोनतीनदा येऊन गेला. एकदा हरणाच्या मांसाचा वाडगा घेऊन आला, गॅरेजातच उभा राहिला, यंत्राकडे पाहिलं आणि म्हणाला, "ही तुझी पाचवी बायको दिसतेय."

"सहावी," हार्मन म्हणाला. "पहिली सोडून एकीलाही पिंजता येत नाही."

माइल्स हसला. घराकडचं दार उघडं होतं. स्वयंपाकघरातून काहीच आवाज आला नाही. एरवी लिओना असलं बोलणं सोडायची नाही, आतूनच उत्तर फेकायची.

तीही बदललीच होती. बोलणं कमी झालं होतं. हार्मनला वाटायचं, यंत्राचा राग आहे. आपली जागा लोखंडानं घेतलेली कुणाला आवडते? एकदा तो मुद्दाम आत येऊन म्हणाला, "अगं, एकदा नुसतं दाखव. कितीदा ओढतेस, कसं ओढतेस. मी मोजतो."

"डॉक्टरीणबाईंनी नको म्हटलंय ना?"

"एकदाच."

"नको म्हणजे नको, हार्मन."

त्याला बरंच वाटलं. चला, शेवटी ऐकलं म्हणायचं हिनं. तिनं कातडी मागितली नाही, माळ्याकडे पाहिलं नाही. ती दुपारभर खिडकीशी हात मांडीवर ठेवून बसायची आणि गॅरेजातली मोटर सुरू झाली की डोळे मिटून घ्यायची. खोकल्यामुळे आणि थकव्यामुळे हार्मनला हे सगळं दिसायचं, पण त्यावर विचार करायला त्याच्यात त्राण नव्हतं.

मार्चच्या मध्यावर, एका दुपारी, मोटर जळाली. एक निळा धूर आला, वास आला आणि ब्रश अर्ध्यावर थांबला. मासेमारीचा हंगाम एक एप्रिलला उघडतो. माइल्सला आधी वीस डझन द्यायचे होते, हार्मननं शब्द दिला होता. तो जळक्या मोटरीकडे बघत उभा राहिला. मग त्यानं शेगडा विझवला, दिवा घालवला आणि आत येऊन कोट न काढता टेबलाशी बसला.

"हरलो मी," तो म्हणाला.

लिओनानं खिडकीकडून मान वळवली.

"आठ आठवडे झाले. मला नाही जमत. तुझ्या बोटांत काय होतं ते मला कधीच कळलं नाही. मी आयुष्यभर समोर बसलो आणि पाहिलंसुद्धा नाही." तो खोकला. "लिओना, एक मूठ पिंजून दे. वीस डझनापुरती. शेवटची. मला लाज वाटते मागायला. तुझे हात वाचवायला निघालो होतो आणि आता तेच मागतोय. मी रोज शेकून देईन. पण एक मूठ दे."

लिओनानं तळवे मांडीवर उपडे केले, मग उताणे केले.

"ऐकतेस ना?"

"जानेवारीतली लव माझी होती," ती म्हणाली.

हार्मनला कळलंच नाही. "कुठली?"

"माइल्सनं परत केली ती. यंत्राची नव्हती, माझी होती. तू कॉलिकून गावी गाडीची चाकं बदलायला गेलास ना, दोन दिवस दुपारी? मी माळ्यावर गेले, कातडं काढलं, पिंजली आणि डब्यात घातली. तुझी काढून ठेवली."

हार्मननं टोपी काढली आणि टेबलावर ठेवली.

"का?"

"राग आला मला." तिचा आवाज चढला. "कुत्रे विंचरायचे दोन ब्रश आणि माझी एकतीस वर्षं! आणि लव चांगली होती, हार्मन. तुझी लव चांगली होती, हेच तर सोसवलं नाही. वाटलं, एकदा शेवटचं माझ्या हातचं जाऊ दे. माइल्स म्हणेल, वा, यंत्र काय छान चाललंय. आणि मी मनात हसेन, की बाबा रे, ते यंत्र नाही. एवढंच पाहिजे होतं मला."

"आणि बोटं?"

"बोटांना काही कळतच नव्हतं. लव हातात आहे की नाही तेसुद्धा बघून ठरवत होते. गाठी राहिल्या त्या दिसल्या नाहीत, लागल्या नाहीत." ती थांबली. "मग तू ती चिठ्ठी वाचलीस. इथेच बसून. 'लिओनाच्या हातची पाठव.' त्यानंतर कसं सांगणार होते?"

हार्मनला राग आला. असा आला की त्याला स्वतःचीच भीती वाटली. आठ आठवडे! तो खोकला, ती पाठ, ते सहा सांगाडे, सकाळचे ते बूट. सगळं एका चांगल्या यंत्रातला नसलेला दोष काढण्यासाठी. "रोज," तो म्हणाला. "रोज तू इथे बसून ऐकत होतीस. मी तिकडे मरत होतो आणि तू ऐकत होतीस."

"हो."

"एकदा तरी सांगायचंस!"

"मोटर सुरू झाली की म्हणायचे, आज सांगते. बंद झाली की म्हणायचे, उद्या." तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते पुसायला तिनं मनगट वापरलं. "सांगितलं असतं तर मला कायमचं थांबावं लागलं असतं. तू चुकत होतास तोवर मी थांबलेली नव्हते. डॉक्टरीणबाईंसाठी नुसती बसलेय, असं म्हणता येत होतं."

ती उठली आणि शिवणाच्या कपाटाशी गेली. खणाची मूठ तिला धरता येईना. तिनं मनगट अडकवून खण ओढला, दोन तळव्यांमधे दाबून एक डबा काढला आणि आणून त्याच्यापुढे ठेवला. हार्मननं झाकण उघडलं. डिसेंबरातली लव होती. त्यानं चिमूट जिभेनं ओली करून खिडकीच्या काचेवर लावली. गुलाबी, राखी, सशाचा एक ताठ केस, आणि तरी एकच रंग. वीस डझन सहज झाले असते. त्याच्या रागाला आता कुठे जावं ते कळेना. एवढं सुंदर काम आपल्या हातून झालं होतं आणि आपणच ते मोडून खाल्लं, याचं त्याला रडू आलं. तो रडला. लिओनानं त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही, ती फक्त शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "माइल्सला फोन लाव."

"कशाला? माश्या नेऊन देईन मी."

"तू लाव. मला ती चकती फिरवता येत नाही."

त्यानं लावला. तिनं रिसीव्हर दोन्ही तळव्यांत धरला, एखादा गरम पेला धरावा तसा.

"माइल्स, लिओना बोलतेय. नाही, सगळं ठीक आहे. ऐक. जानेवारीतल्या माश्या तू परत पाठवल्यास ना, त्यांची लव माझ्या हातची होती. हो. माझ्या. यंत्राची नव्हती. यंत्र चांगलं आहे, आता येतील त्या यंत्राच्या येतील. आणि चिठ्ठी नवी छापून घे. माझं नाव काढ." पलीकडून माइल्स काहीतरी बोलत राहिला. ती ऐकत राहिली. "नको," ती म्हणाली. "आठवण म्हणून ठेवायला मी अजून मेलेली नाही. काढ म्हटलं ना, काढ."

तिनं रिसीव्हर पुढे केला. हार्मननं तो जागेवर ठेवला.

"काय म्हणाला?"

"रडला, गाढव." ती खुर्चीत मागे टेकली. "आता जा. चांगल्या उजेडात चार तरी बांधशील."

हार्मननं डब्याचं झाकण लावलं. बाहेर अजून तासाभराचा उजेड होता. त्यानं कोट काढला, खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि पुन्हा खाली बसला.

"उद्या," तो म्हणाला. "आज दमलोय."

"मीपण," लिओना म्हणाली.